डासांसाठी केलेला धूर

मंडळी, आत्ताच गोंदियाहून परतलो. घरात पाय न ठेवता, अंगणातूनच मागे फिरून हे लिहायला सायबर कॅफेत पळालो.

माझी मान आणि हात किती वर्षांपासून खाजून सोलवटतात, दम लागतो, हे तुम्ही जाणताच. मलमे झाली, काढे झाले. परवा गोंदियाच्या डॉक्टरबाईंनी पाठीवर तपासणीच्या पट्ट्या चिकटवल्या. आज काढल्या, तर एकाच पट्टीखाली लालभडक फोड.

"काकाजी, गाजर गवताची अ‍ॅलर्जी आहे. हे गवत कुठं लागते तुम्हाले?"

डास चावून खाज सुटते असे समजून मी रोज संध्याकाळी परसातले तेच गवत हाताने उपटून जाळतो. खाज वाढली की धूर वाढवतो!

"आधी ते बंद करा, तवाच माह्यं औषध लागू पडंल," बाई म्हणाल्या.

घरी आलो, तर अंगणभर धूर. बायको दारातूनच म्हणाली, "तुम्ही थकून याल म्हणून आज जास्तच गवत टाकलं. एक डास नाई चावत पाहा!"

तुमच्या घरच्या धुरात काय जळते, आज पाहाल का?