गाऱ्हाण्याला न दिलेला होकार

डॉक्टरांनी लिहून दिलेली एक चिठ्ठी मी चार महिने माझ्या पुस्तकात दडवून ठेवली होती. आणि ती ज्या माझ्या थोरल्या बहिणीची होती, तिच्याविषयी पुढे सर्वांना सांगितले, की ती तपासणीला घाबरली. पुष्कळ दिवस हे मी कोणाला कळू दिले नाही.

पत्नी गेल्यावर मिठबावच्या घरात मी एकटा उरलो. शाळेतून परतल्यावर दुसऱ्या सकाळपर्यंत माझा स्वतःचा आवाजही मला ऐकू येत नसे. त्याच सुमारास बांद्याला भावनिक उपचारांचे एक शिबिर झाले. गिळलेला राग शरीरात गाठ होऊन बसतो आणि मनापासून क्षमा केली की ती विरघळते, असे तिथे शिकवीत. मी तिथे पोटभर रडलो, आणि माझी जुनी डोकेदुखी काही आठवडे थांबली. तेवढा पुरावा मला पुरला.

आक्का पलीकडच्या वाडीत दिलेली; मासे विकणारी. छातीत गाठ लागली तेव्हा तिने डॉक्टरांची चिठ्ठी माझ्याकडे आणली, कारण तिच्या विश्वासातला वाचणारा मीच. ताबडतोब तपासणी करावी, असे तीत स्पष्ट लिहिले होते. ते तिला वाचून न दाखवता मी चिठ्ठी पुस्तकात ठेवली आणि म्हणालो, घाई नको, आधी मनातली गाठ सोडवू. मग दर गुरुवारी बाजार आटोपला की ती येई, रिकामी पाटी पडवीत पालथी घाली आणि मी सांगेन त्या माणसाला डोळे मिटून क्षमा करी. सासूला केली. दारुड्या दिराला केली. एकदा डोळे न उघडताच म्हणाली, "गिऱ्हायकांका पण माफ करूचा काय रे? मगे ह्यो जल्म पुराचो नाय."

जाताना ती माझ्यासाठी दोन बांगडे ठेवून जाई. ती बरी व्हावी असे मला वाटत होतेच. पण ती येत राहावी, असे त्याहून अधिक वाटत होते.

चौथ्या महिन्यात गाठ काखेत उतरली आणि भाच्याने तिला गोव्याला नेले. एवढा उशीर का केलात, असे तिथल्या डॉक्टरांनी विचारले, तेव्हा सर्वांच्या आधी मी उत्तर दिले: ती घाबरत होती. आक्काने माझ्याकडे पाहिले आणि पदर सारखा केला. पुढे वाडीतही मी तेच सांगत राहिलो.

शस्त्रक्रिया झाली, केस गेले, परत आले. गुरुवार मात्र परत आले नाहीत. गेल्या वर्षी दुखणे उलटले, आणि तिने मला गावच्या देवळात बोलावून घेतले. तिला गाऱ्हाणे घालायचे होते.

आमच्याकडे गाऱ्हाणे एकट्याचे नसते. घालणारा देवापुढे मागणे मोठ्याने मांडतो आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला आपला होकार जोडायचा असतो. त्या दुपारी आठ-दहा माणसे होती. घालणाऱ्याने आक्काने सांगितले तसेच म्हटले, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकीच्या मनात कोणाबद्दल राग रव्हलो असात, म्हणान हो आजार परत इलो असात, तर तिचो अपराध पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

मी गप्प राहिलो. आक्काने सुजलेल्या हाताने माझा हात ओढला.

"म्हण रे," ती म्हणाली. "माझ्याच मनात कायतरी रव्हला."

माझाच धडा तिने देवापर्यंत नेला होता, आणि त्याला मीही होकार द्यावा, अशी तिची अपेक्षा होती. घालणारा थांबून माझ्याकडे पाहत होता. जन्मभर मी हळू बोलत आलो. त्या दिवशी सर्वांना ऐकू जाईल असे बोललो.

"आक्का, तुझ्या रागान कायएक झाला नाय. चिठ्ठी मी दडवन ठेवलंय. तू भियालंस म्हणान सगळ्यांका खोटा सांगितलंय, ताही मीच. अपराध माझो आसा. माका माफ कर."