हेमंतनं हात का वर केला

प्रकाशचा फोन आला तेव्हा मी नागपूरला बहिणीच्या घरी सत्यनारायणाच्या प्रसादाची वाटी हातात घेऊन बसले होते. भाचीचं लग्न उरकलेलं, घरात पाहुण्यांचा गलका, आणि माझा नवरा अमेरिकेतल्या रेडमंडहून फोनवर काहीतरी तुटक तुटक सांगतोय... हेमंत, सायकल, मागून गाडी, हॉस्पिटलपर्यंत पोचलाच नाही. अशा वेळी माणूस काय विचारतो? कसं झालं, त्याची बायको अश्विनी कशी आहे, पोरगी कुठे आहे, हे विचारतो. मी विचारलं, "कोणत्या रस्त्यावर?" प्रकाश म्हणाला, "तुझ्याच." मग मी वाटी खाली ठेवली आणि तिथेच भिंतीला टेकले. बहिणीला वाटलं मला चक्कर आली. तिनं साखर-पाणी आणलं, ते मी प्यायलेही.

तो रस्ता माझा कसा, ते सांगायला हवं. आम्ही रेडमंडला आलो तेव्हा मला ड्रायव्हिंग येत नव्हतं. चाळिशी उलटल्यावर शिकले, तेही रडत-रखडत. शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की मधली पिवळी जोडरेषा ओलांडायची नाही, आणि मी ती लक्ष्मणरेषा मानली. फ्रीवेवर, म्हणजे तिथल्या सुसाट हमरस्त्यावर, चढायचं मी नावच काढायची नाही. त्यामुळे एका छोट्या कंपनीत टेस्टिंगचं काम मिळालं तेव्हा मी ऑफिसला जायला शेतांमधून जाणारा जुना रस्ता धरला. एकपदरी जाणं, एकपदरी येणं, कडेला पाऊल ठेवायलाही जागा नाही, एका बाजूला ब्लॅकबेरीची काटेरी जाळी आणि दुसऱ्या बाजूला चर. थंडीत सकाळी आठलाही अंधारलेलं आणि वर ती पावसाची सततची पिरपिर. पण गाड्या सावकाश जायच्या, म्हणून मला तो बरा वाटायचा.

हेमंत आमच्याच अपार्टमेंटमध्ये राहायचा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पक्का पुणेकर, मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनियर. दारात गाडी असून हा माणूस बारा महिने सायकलनं ऑफिसला जायचा. आमच्या मराठी मंडळींना ते काही झेपायचं नाही. पावसात सायकल मारणारा देशी माणूस दिसला की लोकांना वाटायचं, बिचाऱ्याची नोकरी गेली असेल. भर रस्त्यात गाडी थांबवून, काच खाली करून त्याला लिफ्ट देऊ करायचे, आणि मागे ही रांग लागायची. कुणी म्हणायचं पुणेकरच तो, पेट्रोल वाचवतोय. तो हसायचा. म्हणायचा, "पुण्यात सायकल संपली, वहिनी. मी ती इथे जपून ठेवलीय." त्याच्याकडे पिवळाधमक रेनकोट होता आणि कॅरिअरला स्टीलचा डबा बांधलेला असायचा. इथले सायकलवाले अंगाला चिकटलेले कपडे घालून, मान खाली घालून तीरासारखे जातात. हा आपला पाठ ताठ ठेवून, आजूबाजूला बघत, भाजी आणायला निघाल्यासारखा जायचा.

आधी तो नदीकाठच्या सायकलवाटेनं जात असे. ती वाट लांबची, पण तिथे गाड्यांचं नावच नाही. मी नोकरीला लागल्यावर महिन्याभरात केव्हातरी तो माझ्या रस्त्यावर दिसायला लागला. रोज. नेमका माझ्याच पुढे. आता त्याला ओलांडायचं म्हणजे पिवळ्या रेषेवर जायला हवं, आणि ते तर माझ्या बापजन्मी होणार नव्हतं. म्हणून मी त्याच्या मागे, त्याच्याच वेगानं. माझ्या मागे आठ-दहा गाड्या. एखादा वैतागून हॉर्न द्यायचाच. घरी येऊन मी प्रकाशला म्हणायची, काय सांगू बाप्पा, या पोट्ट्याला दुसरा रस्ता सापडत नाही का! प्रकाश म्हणायचा, "अगं ओव्हरटेक कर ना यार, सगळे करतात." सगळे करतात ते करू देत. मी नाही केलं.

आणि मग गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, पंचवीस-तीस माणसांसमोर, हातात उकडीच्या मोदकाची प्लेट घेऊन हेमंतनं जाहीर केलं की वहिनी रोज मला एस्कॉर्ट करतात. स्वतः उशीर झाला तरी चालेल, पण माझ्या मागून हलत नाहीत, मागच्या कुणाला माझ्या अंगावर येऊ देत नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक काकू तर माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. मी काय बोलणार? भीतीपोटी मागे राहते असं सांगायचं? मी मोदक खाल्ला. पण खरं सांगते, दुसऱ्या दिवसापासून मला तो रस्ता वेगळाच वाटायला लागला. मी खरोखरच त्याला सांभाळायला लागले. पत्रपेट्यांची रांग आहे ना, तिथे रस्ता आणखी आवळतो आणि वळण येतं. तिथे मी एक छोटासा हॉर्न द्यायची, नुसता पीं. त्यावर तो मागे न बघता डावा हात वर करायचा.

आता हे इथल्या माणसाला कसं समजवायचं? इथे हॉर्न म्हणजे शिवी. आपल्याकडे नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत हॉर्न म्हणजे भाऊ, मी मागे आहे, सांभाळून. आणि हात वर करणं म्हणजे बरं, कळलं. आम्ही दोघांनी हे कधी ठरवलं नव्हतं. आपोआपच झालं ते. दोन वर्षं, थंडीत आणि उन्हाळ्यात, त्या वळणावर पीं आणि हात. ऑफिसात दिवस कसाही जावो, सकाळचं ते एक काम नीट झालं असं मला वाटायचं.

मी नागपूरहून परत आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अश्विनीची आई पुण्याहून येऊन राहिली होती. चार वर्षांची सई आजीला इंग्रजीत काहीतरी विचारायची आणि आजी मराठीत भलतंच उत्तर द्यायची. प्रकाशनं मला त्या सोमवारच्या अपघाताचं सांगितलं. गाडी चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या, त्याच रस्त्यावर राहणाऱ्या. त्यांनी पोलिसांना सांगितलं की मी सायकलवाल्याला कळावं म्हणून हलकासा हॉर्न दिला, त्यानं डावा हात कोपरात वाकवून वर केला, म्हणजे तो उजवीकडच्या गल्लीत वळणार, म्हणून मी न थांबता त्याच्या डावीकडून पुढे गेले. तो वळलाच नाही. समोरून पिकअप ट्रक आला, बाईंनी गाडी उजवीकडे घेतली आणि तिथे हेमंत होता. या देशात डावा हात असा वर करणं म्हणजे सायकलवाल्यानं उजवीकडे वळतोय असं सांगणं. लायसन्सच्या परीक्षेत ते चित्र हेमंतनंही पाठ केलं असणार, मीही केलं होतं. पास झालो, विसरलो.

त्या बाई नंतर बनाना ब्रेड, केळ्याचा केकच तो, घेऊन अश्विनीच्या दारात आल्या होत्या. नुसत्या उभ्या राहिल्या आणि रडल्या म्हणे. मराठी मंडळींना त्या ब्रेडचं काय करावं ते कळेना. कुणी म्हणे फेकून द्या, कुणी म्हणे अन्न आहे. शेवटी अश्विनीनंच सुरी घेतली आणि एक तुकडा सईला दिला. मला हे ऐकून राग आला. कुणाचा, ते आजही सांगता येत नाही. बाईंचा म्हणावा तर मी स्वतः तशीच घाबरट ड्रायव्हर. हेमंतचा म्हणावा तर... मेलेल्या माणसावर रागवायचं तरी कसं? जो तो आपापला न्याय करत होता. प्रकाश म्हणायचा चूक गाडीवाल्याचीच, अंतर ठेवायला नको? दुसरे कुणी दबक्या आवाजात म्हणायचे, त्यानंच चुकीचा सिग्नल दिला. आणि अश्विनी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायची. त्या गल्लीत त्याचं काही काम नव्हतं, तर त्यानं हात का वर केला?

मला ठाऊक होतं ना. तिनं विचारलं त्या क्षणी मला समजलं होतं. पण मी चहाचे कप उचलून आत गेले. कारण माझाही एक प्रश्न होता, आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं की मला माझा विचारावा लागणार होता. नदीकाठची चांगली वाट सोडून हा मुलगा त्या चिंचोळ्या रस्त्यावर आला तो माझ्या भरवशावर आला का? वहिनी मागे आहेत म्हणून? मी रात्रंदिवस तेच घोकत होते आणि स्वतःला समजावत होते की त्या दिवशी तर मी तिथे नव्हतेच, हजारो मैल दूर होते, मग माझा काय संबंध... पटायचं आणि पुन्हा पटायचं नाही.

अश्विनीचा व्हिसा हेमंतच्या नोकरीला टांगलेला होता. तो गेला तसा तिचा इथला मुक्कामही संपला. सामान विकलं, गाडी विकली. निघायच्या आधीच्या शनिवारी ती आली आणि म्हणाली, "वहिनी, मला एकदा तो रोड दाखवा. तुमच्या गाडीतून. तो जायचा तेवढ्याच स्पीडनं." तिला ड्रायव्हिंग येत नाही. त्या रस्त्यावर ती तोवर गेलीच नव्हती. सईला प्रकाशकडे ठेवलं आणि आम्ही दोघी निघालो.

पाऊस नव्हता. मी सायकलच्या वेगानं चालले होते आणि मागे गाड्या साचत होत्या. हे त्याचं आवडतं कुरण, इथे घोडे असतात, असं काहीबाही मी सांगत होते. ती काचेला डोकं टेकून बघत होती. पत्रपेट्या दिसायला लागल्या आणि मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं. तो वळणाचा सिग्नल नव्हता गं, ते आमचं होतं. मी इथे हॉर्न द्यायची आणि तो हात वर करायचा. दोन वर्षं. अश्विनी काचेपासून डोकं उचलून माझ्याकडे वळली. मग मी माझं विचारलं, "खरं सांग. तो या रस्त्यानं माझ्यामुळे यायचा का?"

"हो," ती म्हणाली. इतक्या सहज की मी ब्रेक दाबला. मग तिनं सांगितलं ते असं. मी नोकरीला लागले त्या सुमारास एक दिवस हेमंत या रस्त्यानं गेला होता आणि त्याला माझी गाडी दिसली. पुढे कुणीच नाही, मी आपली जीव मुठीत धरून हळूहळू चाललेली आणि मागचे सगळे माझ्यावर हॉर्न वाजवताहेत. घरी येऊन तो तिला म्हणाला, वहिनी रडत होत्या गं. उद्यापासून मी त्यांच्या पुढे राहतो. लोक मला शिव्या देतील, त्यांना कुणी काही म्हणणार नाही. आणि गणपतीत ते एस्कॉर्टचं बोलला ते याचसाठी, की मी सावकाश का चालवते हे कुणी मला विचारू नये.

म्हणजे मी त्याला सांभाळते असं मी समजत होते, आणि खरं तर तो मला सांभाळत होता. हे ऐकून मला हसू आलं की रडू, ते कळलं नाही. दोन्ही अर्धवट आलं. मी गाडी तिथेच उभी केली होती, वळणावर, भर रस्त्यात, आणि मला त्याचं भानच नव्हतं. एक आशा मात्र होती, ती मी बोलून दाखवली. म्हटलं, "पण त्या सोमवारी तर मी नव्हते, अश्विनी. मी नसताना तो नदीकाठानंच जात असेल ना? मग त्याच दिवशी इकडून का आला?"

तिनं माझा हात धरला. "तुम्ही शनिवारी येणार होता ना? निघताना तुम्हीच सांगितलं होतंत. त्या सकाळी डबा घेताना तो म्हणाला, आज वहिनी असतील, आज रोडनं जातो."

शनिवारचं तिकीट होतं, खरं आहे. ताई म्हणाली सत्यनारायण करून जा, म्हणून मी ते आठवडाभर पुढे ढकललं. प्रकाशला कळवलं. हेमंतला कळवायचं काही कारणच नव्हतं. कोण कशाला कळवेल?... हे सगळं मला अश्विनीला सांगायचं होतं. पण ते सांगून मी काय मागत होते, तेच मला कळेना. आज लिहितानाही कळत नाही. एवढंच कळतं की त्यानं मागे हॉर्न ऐकला आणि बरं, कळलं म्हणून हात वर केला, आणि तो हात मला होता.

अश्विनी रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं माझा हात सोडलाही नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी अगदी हलकासा हॉर्न दिला, आणि आम्ही दोघींनी मागे न बघता समोर रस्त्याकडे पाहिलं.

तिथे हात वर करायला कुणी नव्हतं. अश्विनीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "चला वहिनी. मागचे खोळंबलेत."