माझ्याच कांचनाची पानं माझ्या हातावर

मंडळी, सणाच्या दिवशी रडगाणं गाऊ नये, पण कुणाला तरी सांगायलाच हवं.

लातूरला आमच्या दारात कांचन आहे. नळाला पाणी नव्हतं त्या उन्हाळ्यातही भाज्या धुतलेलं पाणी घालून मी तो जगवला. यंदा पहिल्यांदाच त्यानं कळ्या धरल्या. जांभळी फुलं येणार म्हणून रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी त्याच्यापाशी उभी राहायचे.

आज दसऱ्याचा स्वयंपाक आटपून बाहेर आले, तर झाड पार ओरबाडलेलं. नुसती पानं नाही, फांद्याच मोडून नेलेल्या. खोड मधोमध उभं चिरलेलं. कळ्या फाटकापाशी तुडवलेल्या.

शेजारची सविता म्हणाली, "गल्लीतल्या सगळ्यांनीच नेलं की काकू. दारात आपटा असल्यावर लांब कशाला जायचं?"

"अगं, आपटा न्हाई तो, कांचन हाय!"

"पान तर तसंच हाय. सणाला चालतंय."

मी खोडाला चिंधी बांधत होते. आमचे हे म्हणाले, "राहू दे. आता न्हाई जगत ते."

संध्याकाळी सगळी गल्ली घरी आली. एकेक जण माझ्या हातावर माझ्याच झाडाचं पान ठेवून पाया पडत होता. "काकू, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." सणाच्या दिवशी काय बोलणार? सगळ्यांना आशीर्वाद दिला.

ताटभर पानं जमलीत. आत्ताच सुकायला लागलीत.

उद्या सकाळी चहाचा कप घेऊन मी कुठं उभी राहू, सांगा?