चपलांच्या रांगेतला पाय

ट्रकखाली सापडून माझ्या धाकट्या भावाचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. वर्षभरानं नागपुरात त्याला नकली पाय बसवला. तो पहिल्यांदा चार पावलं चालला तेव्हा मी सगळ्यांसमोर भोकाड पसरलं. मी रडकी आहे, आणि तापटही.

तीन महिन्यांनी मीच सासरहून येऊन त्याला तपासणीला घेऊन गेले. तिथल्या बाईंनी नकली पायातला बूट उलटा करून पाहिला. तळ नवाकोरा. मग त्याचा गुडघा ताणला, तो पुरता सरळ होईना. "रोज चालला नाहीत तर गुडघा असाच आखडेल. मग हा पाय काही कामाचा नाही," त्या म्हणाल्या.

"घरी घालत नाहीस?" मी विचारलं.

"घरात बूट घालून कोण फिरते वं ताई?"

मी हबकलेच. पायाचा तोल त्या बुटाच्या टाचेवरच बसवलेला, म्हणून बूट काढायचा नाही, हे आम्हाला बजावलं होतं. यानं बूट काढला नव्हता. अख्खा पायच दाराबाहेर चपलांच्या रांगेत ठेवून हा तीन महिने घरात बुडावर सरकत होता.

कुहीला घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात आईला फाडून खात होते. देवघर तिचं, नियम तिचे. घरात शिरताच तोंड सोडलं, "पोटचं पोरगं फरशीवर सरकते, तुले दिसत नाही?"

आई तांदूळ निवडत होती. "म्या किती डाव सांगितलं, घालून ये गा आत. तो म्हणते, ताईनं नाही म्हटलं."

"मी? कधी?"

"पाय बसवून आणला त्याच दिवशी. तू आधी आत येऊन पोछा मारून राहिली होती. तो दारात आला तं तू म्हटलं, बूट बाहेर काढ."

म्हटलं होतं. मान खाली, हातात फडकं, आणि जन्मभराची सवय. वर्षानं तो स्वतःच्या पायानं घरात येत होता आणि मी वर पाहिलंसुद्धा नव्हतं. नंतर तो पायरीवर बसलेला दिसला, तेव्हा मला वाटलं, दमला असेल. माझीच मला किळस आली.

मागे वळले. तो आताही पायरीवर बसून पट्टा सोडत होता.

"राहू दे," मी म्हटलं. "ये तसाच आत."

त्यानं आधी फरशीकडे पाहिलं. "पुसली तं नाही ना आत्ता?"