जैबुनबीच्या सिनेमातलं लग्न

घाटंजीच्या जैबुनबी टेलरनं सिनेमा काढायचं ठरवलं, तेव्हा गावानं तिला वेड्यात काढलं. सन २००६. कापसाला भाव नाही, घरोघर तोंडं उतरलेली, आणि ही बाई शिलाईच्या दोन मशिनी विकून वऱ्हाडी बोलीतला हसवणारा सिनेमा काढणार! पण जैबुनबीनं एकदा मनावर घेतलं की संपलं. लग्नाचे व्हिडिओ काढणारा धम्मरत्न दिग्दर्शक झाला. बाकी सगळं, जेवणापासून जनरेटरपर्यंत, तिच्या अंगावर. निर्माती म्हणतात ती हीच, हे तिला कुठं ठाऊक होतं!

शेवटचा प्रसंग लग्नाचा. गर्दी हवी म्हणून तिनं जवळच्या खेड्यात घरोघर पत्रिका वाटल्या. लग्न सिनेमातलं आहे, एवढंच छापायचं राहिलं.

दोनशेच्या वर माणसं आली. लग्नात रिकाम्या हातानं जेवायचं कसं? कुणी ताट आणलं, कुणी पाण्याची गुंडी, कुणी ब्लाउजपीस. कॅमेऱ्याचं नवल कुणालाच वाटलं नाही. हल्ली कुठल्या लग्नात तो नसतो? पण धम्मरत्ननं नवरीला तिसऱ्यांदा हार घालायला लावला, तेव्हा म्हातारे पंजाबराव ताडकन उठले.

"काहून बे, पोरखेळ लावला काय?"

माणसं उठून गेली तर सिनेमा बुडाला. पुन्हा एवढी पंगत घालायची जैबुनबीची ऐपत नव्हती. थापा मारून वेळ निभावता आली असती. तिनं माइक घेतला.

"भाऊ, लगन खोटं हाये, सिनेमातलं हाये. गलती माही. आपापला आहेर वापस घ्या, पन जेवल्याबिगर कोनी जाऊ नका."

मागून त्याच खेड्यातली इंदूबाई बोलली, "म्या नाई नेत वापस. यंदा गावात एक लगन झालं नाई, बाई. खोटं तं खोटं, होऊ दे पुरं."

पंजाबराव खाली बसले. एकही माणूस हलला नाही. नवरीची पाठवणी झाली तेव्हा बायका खऱ्याखुऱ्या रडल्या, आणि जैबुनबीलाही आवरलं नाही.

पुढं काटछाट करताना धम्मरत्न म्हणाला, "खाला, लगन दोन मिनिटांत आटपू. लय लांबून राह्यलं."

"एक बी चेहरा कापू नोको," जैबुनबी म्हणाली. "ज्यानं आहेर आनला, तो दिसलाच पायजे."

सिनेमात ते लग्न अकरा मिनिटं चालतं. त्या खेड्यात लोक सीडी लावायचे ती तेवढंच पाहायला.