खळ्यावरची हवा

आमच्या कोकणात वाऱ्याचं वेळापत्रक ठरलेलं. दिवसा समुद्रावरून येणारा खारा, रात्र पडली की जमिनीवरून जाणारा मतलई. चौथीच्या पुस्तकात त्याचं कारण होतं. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, पाणी दोन्हीला उशीर करतं. तापलेल्या जागेवरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला थंड हवा धावते. हा धडा झाला आणि माझी शाळा कायमची सुटली. वडील होडीवर असायचे, त्यामुळे अवेळी वारा फिरला की घरातलं बोलणं थांबायचं. लग्नानंतर वऱ्हाडात बोरी अरबला आले ती हीच धास्ती घेऊन. नवरा तिथे लहान गाडीच्या, म्हणजे नॅरोगेज रेल्वेच्या, रुळांवर कामाला होता.

इथे समुद्र नव्हता, नुसती काळी जमीन. सकाळी पान हलत नसे. ऊन चढलं की वारा उठे, तोही धड एका दिशेचा नाही. भर दुपारी रिकाम्या वावरात वावटळ उभी राही, पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, पाला घेऊन थोडी चाले आणि मोडून पडे. मी कित्येक संध्याकाळी दारात बसून वारा उलटायची वाट पाहिली. तो उलटत नसे. नुसता संपे.

शेजारच्या मावशींनी मला त्या गावात माणसांत आणलं. तापाने पडले होते तेव्हा त्यांच्याच चुलीवरची भाकरी खाल्ली, ते विसरणं शक्य नाही. त्यांच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या गावकीची कामं करायची आणि सुगीला दुसऱ्यांच्या खळ्यावर कडेला उभं राहून वाटा घ्यायचा, वरून पदरात टाकलेला. ते त्यांनी सोडलं. त्या वर्षी स्वतः कसलेल्या वावराची ज्वारी पहिल्यांदाच त्यांच्या खळ्यावर आली होती.

मळणी झाली आणि वारा पडला. दाणा आणि भूस एकाच ढिगात, आणि मावळतीला ढग. भिजली तर ज्वारी काळी पडणार. मावशी उपणायला तिवईवर, तीन पायांच्या उंच घडवंचीवर, टोपलं घेऊन उभ्या होत्या. मी खालून टोपली भरून द्यायला गेले होते. त्या वरून ओतत तो दाणा सरळ खाली पडे, भुसासकट.

शेजारच्या खळ्यावरचे म्हातारेबुवा बसल्या जागेवरून म्हणाले, "नारळ फोड वं बाई. हवा काय फुकट येते?"

"हवा नारळ खाते काय जी? तुमी तं परवा फोडला. मंग तुमचं खयं काहून तसंच पडून हाये?" मावशी वरूनच म्हणाल्या.

"तोंडाची लई खवचट हाये बाप्पा!" म्हणून ते हसले आणि बिडी शोधू लागले.

तेवढ्यात गार झोत आला. कोकणात असा झोत आला की होड्या वर ओढायच्या, दुसरं काही करायचं नाही. मी गोणपाट उचलून ढिगावर टाकायला धावले.

"मावशी, झाका! पाऊस आला!"

"पाऊस मांगं हाये, हवा पुढं हाये. काढ ते गोणपाट. टोपलं दे!"

ढगाखाली पाऊस पडताना हवा गार होते, जड होऊन खाली उतरते आणि जमिनीला लागून पावसाच्या आधी पुढे पसरते, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच की मावशी तिवईवरून खाली उतरल्या.

"उतरलात कशाला?"

"येवढ्या हवेत वरून टाकलं तं दाणाबी त्या बुढ्याच्या खयात जाईन. मंग तो म्हणन, नारळानं देल्ला."

त्या कमरेच्या उंचीवरून टोपलं तिरपं करत राहिल्या. भूस उडत होतं, दाणा पायाशी. मी टोपलीमागून टोपली भरून देत होते. ढिगाचा तळ लागला तेव्हा थेंब आले, पण थेंबच. ढग यवतमाळकडे सरकला. म्हातारेबुवाही तोवर आपल्या ढिगाशी उभे होते, पण त्यांच्या वाट्याला शेवटचा झोतच आला.

पोती भरल्यावर मावशींनी मला हाक मारली. खळ्यावर राबलेलं कोणी रिकामं जात नाही, ही तिथली रीत. मी नको नको म्हणत कडेला उभी राहिले आणि शेवटी पदर पुढे केला.

मावशींनी हातातलं ज्वारीचं सूप पदरात ओतलं नाही, खाली ठेवलं.

"तशी नको उभी राहू, पोरी. खयात ये. अन् आपल्या हातानं घे."

मी आत गेले. वारा पडला होता.