सिंहाच्या अध्यक्षतेखाली

माझे वडील आमच्या आंजी गावात सालदार होते. म्हणजे वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबायचं आणि स्वतःच्या घरावरची गळकी टिनं पुढच्या वर्षी बदलू, असं दरवर्षी म्हणायचं. आम्हां भावंडांत चप्पल एकच. ज्याची परीक्षा, त्याची चप्पल. अशा घरातून मी वर्ध्याला जाऊन बी.ए. झालो. घराण्यात पहिला. हे मी कोणी न विचारताही सांगतो.

पुढे एका दैनिकाचा वार्ताहर झालो. वडील म्हणाले, "गावात काय झालं ते गावाले माहीतच हाय. मंग तू कोणासाठी लिहून राह्यला?"

"ज्याचं नाव छापून येते त्याच्यासाठी."

खोटं नव्हतं ते. नळयोजना असो की कुस्त्या, आमची बातमी एकाच चालीवर जायची: अध्यक्षस्थानी अमुक, प्रास्ताविक तमुक, आभार आणखी कोणीतरी. एक नाव सुटलं की सकाळी तो माणूस पानठेल्यावर माझी वाट पाहत उभा. म्हाताऱ्यांना गाठून गावाचा इतिहास लिहिला, तोही त्याच चालीवर. लोकांनी त्यात आपापला आजोबा शोधला आणि पुस्तक मिटलं.

मला शेवटपर्यंत वाचलं जाईल असं काहीतरी लिहायचं होतं. म्हणून पोरांसाठी गोष्टी लिहिल्या. नागपूरचे एक प्रकाशक म्हणाले, "पहिले पोरांना वाचून दाखवा. पोरं शेवटपर्यंत बसली तर छापतो." आणि बघायला स्वतः आले.

गावच्या शाळेत, चौथीच्या वर्गात मी सुरुवात केली. "येथील जंगलात सिंहाच्या अध्यक्षतेखाली प्राण्यांची सभा उत्साहात पार पडली. प्रास्ताविक कोल्ह्याने केले. हरणे मोठ्या संख्येने उपस्थित होती."

प्रकाशकांनी कपाळाला हात लावला. माझं काय चुकलं तेच मला कळेना. कोणाचंच नाव तर सुटलं नव्हतं.

एक पोरगी उठली. "भाऊ, सिंहाच्या सभेले हरणं काऊन गेलते?"

"जेवण असन," तिच्या बाजूचा पोरगा म्हणाला.

"येड्या, जेवण तेच होते!" मागून कोणीतरी ओरडलं.

वर्ग असा हसला, की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन उभे राहिले. मी कागद घडी करून खिशात घातले आणि विचारलं, "बरं, हरणांना हे कळलं केव्हा?"

"आभार मानताना!"

तिथून मी तोंडीच सांगू लागलो. आभार मानायला हरीण उठलं. भाषण संपलं की जेवण, म्हणून ते संपवेचना. मंडपवाल्याचे आभार, माईकवाल्याचे आभार, सतरंजीचेसुद्धा. सिंह जांभया देऊ लागला.

तेवढ्यात खिचडीची सुटी झाली. ती पोरगी दारातून म्हणाली, "भाऊ, आम्ही येतोच. तोवर त्याले भाषण चालूच ठेवाले सांगा!"

पोरं परत आली आणि शेवटपर्यंत बसली. प्रकाशकही बसले.

पुस्तक त्याच वर्षी छापून निघालं. आज जिल्ह्यातल्या शाळांत पोरं ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. ते मी लिहिलं आहे.